नेटवर्कचे लेयर पाठ करू नका, खालून वर तपासत जा

इंदूरच्या भंवरकुआला कोचिंग करणाऱ्या कुठल्याही मुलाला ओएसआय मॉडेलचे (नेटवर्कचं काम थरांत वाटून दाखवणाऱ्या आराखड्याचे) सात लेयर विचारा, एका दमात सांगेल, फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. आणि त्याच मुलाच्या रूमवर नेट बंद पडलं की तो काय करतो, तर राउटरचं बटण बंद-चालू करत बसतो. म्हणजे पाठ केलेलं वेळेला उपयोगी पडलंच नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं कारण यात त्याचा काही दोष नाही, त्याला शिकवलंच तसं जातं. लेयर ही परीक्षेत लिहायची यादी नाहीये, तो तपासायचा क्रम आहे. सगळ्यात खालच्या लेयरला एक साधा प्रश्न विचारायचा, त्याचं "हो" आलं की वरच्याला विचारायचं, "नाही" आलं की तिथेच थांबायचं आणि वरचं काही बघायचंच नाही. एवढं जमलं की मॉडेल आपोआप डोक्यात बसतं.

आधी पुस्तकातला गोंधळ काढून टाकू. मॉडेल दोन आहेत. सात लेयरवालं ओएसआय आयएसओ या संस्थेने १९८४ मध्ये स्टँडर्ड म्हणून काढलं. पण आपल्या घरात जे नेट येतं ते टीसीपी-आयपीवर चालतं, आणि अर्पानेट नावाचं अमेरिकेतलं जुनं नेटवर्क १ जानेवारी १९८३ लाच टीसीपी-आयपीवर गेलेलं होतं, म्हणजे ओएसआय कागदावर पक्कं होईपर्यंत दुसरी गाडी सुटलेली होती. मग १९८९ च्या आरएफसी ११२२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा कागद) इंटरनेटवाल्यांनी आपले लेयर चारच मोजले, लिंक, इंटरनेट, ट्रान्सपोर्ट आणि ॲप्लिकेशन. सेशन आणि प्रेझेंटेशन हे वेगळे लेयर म्हणून आपल्या रोजच्या नेटमध्ये सापडत नाहीत, ती कामं ॲप्लिकेशनमध्येच उरकली जातात, म्हणून "टीएलएस (वेबसाइटशी चाललेलं बोलणं गुप्त ठेवणारी पद्धत) नक्की कुठल्या लेयरला" यावर मित्राशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. परीक्षेला सात लिहा, कामाला पाच धरा. चारातल्या लिंकमधून वायरचा भाग वेगळा काढायचा, की झाले पाच, फिजिकल, लिंक, नेटवर्क (इंटरनेट लेयरलाच मी नेटवर्क म्हणतोय), ट्रान्सपोर्ट आणि ॲप्लिकेशन. मी पुढे पाचच वापरतोय.

आता लेयर म्हणजे नक्की काय ते आधी डोळ्यांनी बघा, समजावून सांगण्यापेक्षा ते बरं. वायरशार्क नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, १९९८ पासून आहे (तेव्हा नाव इथिरिअल होतं, २००६ मध्ये बदललं). इन्स्टॉल करताना विंडोजवर ते एनपीकॅप (पॅकेट पकडून देणारा भाग) टाकू का विचारतं, हो म्हणा. आपल्या स्वतःच्या लॅपटॉपवर, आपल्या घरच्या नेटवर करा, ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या नेटवर परवानगीशिवाय असलं काही चालू करायचं नाही. वायफायच्या नावावर डबल क्लिक केलं की पॅकेट धावायला लागतात, घाबरू नका, वरच्या फिल्टरच्या पट्टीत डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी व्यवस्था) एवढं टाइप करा. मग दुसरीकडे कमांड प्रॉम्प्ट उघडून एनएसलूकअप, स्पेस, विकिपीडियाचा पत्ता, स्पेस, ८.८.८.८ असं टाइप करून एंटर मारा (कमांड अर्थात इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, आकडेसुद्धा). वायरशार्कमध्ये दोन-चार ओळी उमटतील. त्यातल्या पहिल्या ओळीवर क्लिक करा आणि खालच्या खिडकीत बघा.

तिथे एकाखाली एक ओळी दिसतात. फ्रेम, मग इथरनेट टू, मग इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन फोर, मग युझर डेटाग्राम प्रोटोकॉल, मग डोमेन नेम सिस्टिम. हेच ते लेयर, पुस्तकातलं चित्र नाही, तुमच्या मशीनमधून आत्ताच निघालेलं खरं पॅकेट. (वायफायवर असलात तरी बहुधा इथरनेटच दिसतं, ड्रायव्हर तसं दाखवतो.)

आता इथरनेटची ओळ उघडा. डेस्टिनेशनमध्ये कुणाचा पत्ता आहे? तुमच्या घरच्या राउटरचा मॅक ॲड्रेस. आणि आयपीची ओळ उघडली तर डेस्टिनेशन ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सर्व्हर. एकाच पॅकेटवर दोन वेगळे पत्ते! इथे बहुतेक जण अडकतात म्हणून जरा थांबून सांगतो. सरवटे बस स्टँडवरून तुम्ही पुण्याला ट्रॅव्हल्सने शेव पाठवली तर डब्यावर पुण्याच्या मावशीचा पत्ता असतो, पण ज्या पोत्यात तो डबा टाकलाय त्यावर फक्त पुढच्या ठिकाणाचं नाव असतं, तिथे उतरवलं की दुसरं पोतं, दुसरं नाव, आणि डबा कुणी उघडत नाही. मॅक ॲड्रेस म्हणजे पोत्यावरचं नाव, दर टप्प्याला बदलतं. आयपी ॲड्रेस म्हणजे डब्यावरचा पत्ता, तो शेवटपर्यंत जातो (घरच्या राउटरवर पाठवणाऱ्याचा आयपी बदलला जातो, त्याचं पुढे सांगतो, पण जिथे जायचं तो पत्ता तोच राहतो).

अजून एक गोष्ट त्याच पॅकेटमध्ये बघा, ही मला सगळ्यात सुंदर वाटते आणि क्लासमध्ये कुणी नीट दाखवत नाही. इथरनेटच्या हेडरमध्ये टाइप म्हणून एक रकाना आहे, त्यात ०८०० लिहिलेलं असतं, म्हणजे "माझ्या आत आयपी व्ही ४ आहे". एआरपी (आयपीवरून मॅक ॲड्रेस विचारणारं) असतं तर ०८०६ असतं. मग आयपीच्या हेडरमध्ये प्रोटोकॉल नावाचा रकाना, त्यात १७, म्हणजे "माझ्या आत यूडीपी आहे", टीसीपी असतं तर ६, पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणारं) असतं तर १. आणि यूडीपीच्या हेडरमध्ये डेस्टिनेशन पोर्ट ५३, म्हणजे "माझ्या आत जे आहे ते डीएनएसवाल्याला द्या". बघा, प्रत्येक लेयर फक्त एवढंच सांगतो की वर कुणाकडे द्यायचं, आत काय लिहिलंय ते वाचत नाही. म्हणून तर केबलच्या जागी वायफाय आलं, वायफायच्या जागी फायबर आलं, तरी ब्राउझर लिहिणाऱ्याला एक ओळ बदलावी लागली नाही. लेयर करण्याचं कारण हेच, बाकी सगळं त्यातून येतं.

हे बघून झालं ना, आता तपासणी, सगळ्यात खालून.

फिजिकल म्हणजे वायर, फायबर, लाइट. इथला प्रश्न असा की सिग्नल येतोय का, आणि पूर्ण येतोय का. फायबरच्या डब्यावर, ज्याला ओएनटी म्हणतात, बारीक लाइट असतात. पॉन हिरवा आणि स्थिर हवा. एलओएस लाल झाला असेल तर प्रकाशच येत नाहीये, बाहेर कुठेतरी फायबर तुटलंय, रस्ता खोदलाय किंवा फांदी पडलीय किंवा घरातच सोफा सरकवताना पिवळी वायर दुमडली गेलीय. अशा वेळी राउटर दहा वेळा रिस्टार्ट करा, डीएनएस बदला, लॅपटॉप फॉरमॅट करा, काही होणार नाही. लाल लाइट दिसला की वरचे चारही लेयर विसरायचे आणि तक्रार नोंदवायची.

पण "पूर्ण येतोय का" हा जो दुसरा अर्धा प्रश्न आहे तो लोक विचारत नाहीत. लोकमान्य नगरला एका ओळखीच्या काकांकडे २०० एमबीपीएसचा प्लॅन होता, फोनवर वायफायने १८० यायचं आणि वायर लावलेल्या पीसीवर कायम ९४, ९४, ९४. वायर लावल्यावर कमी! कंपनीचा माणूस आला, मोबाइलवर स्पीडटेस्ट दाखवली, "भिया, स्पीड तो फुल आ रिया है, आपके पीसी में प्रॉब्लम है" म्हणून निघून गेला. काका नवा पीसी घ्यायच्या विचारात होते.

आता हा ९४ चा आकडा लक्षात ठेवा, तो फार बोलका आहे. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त १५०० बाइट जातात. त्यातले २० आयपी हेडरचे, २० टीसीपी हेडरचे, उरले १४६०. बाहेरून इथरनेटचं हेडर १४, शेवटी तपासणीचे ४, फ्रेम सुरू होण्याआधीचे ८ आणि दोन फ्रेमच्या मधली रिकामी जागा १२ बाइटची. म्हणजे वायरवर १५३८ बाइटची जागा घेऊन तुमच्या कामाचे १४६० पोहोचतात. भागाकार केला की साधारण ९५ टक्के. म्हणजे १०० एमबीपीएसची लिंक तुम्हाला ९४-९५ च्या वर कधी दाखवणारच नाही. आणि स्पीडटेस्ट तिथेच येऊन चिकटत असेल तर समजायचं की प्लॅनचा नाही, लिंकचा प्रश्न आहे, वायर १०० वर जोडली गेलीय.

विंडोजमध्ये सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या पानावर लिंक स्पीड लिहिलेला असतो. काकांकडे बघितलं, १००/१००. हवा होता १०००/१०००. आता १०० का होतो? नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, पिन १, २, ३ आणि ६, म्हणजे नेहमीच्या बी पद्धतीच्या जोडणीत नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला मात्र चारही लागतात. निळ्याची किंवा तपकिरीची एक जरी तार तुटली तरी बहुतेक कार्डं गपचूप १०० वर उतरतात, कुठे एरर नाही, लाल लाइट नाही, नेट चालूच. काकांचा कनेक्टर उजेडात धरून पाहिला तर निळी तार शेवटच्या पितळी पिनपर्यंत पोहोचलेलीच नव्हती, अर्ध्यात थांबलेली, प्लास्टिकमधून सरळ दिसत होतं. तो कनेक्टर कापला, जेल रोडवरून आणलेला नवा आरजे ४५ लावला, क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर ओढलं की परत निघतं. क्रिंप केल्यावर लिंक १०००, स्पीडटेस्ट १९० च्या वर. काही ठिकाणी तर वायरमन मुद्दाम चारच तारा लावतो आणि उरलेल्यांवरून दुसरं काहीतरी नेतो, तेही बघून घ्या. आणि अशी केबल १०० मीटरच्या पुढे न्यायची नाही, मोठ्या वाड्यात किंवा हॉस्टेलमध्ये हे हमखास विसरतात.

आता लिंक लेयर. प्रश्न असा की माझ्या घरातल्या राउटरपर्यंत मी पोहोचतोय का. इथे सगळ्यात मोठा गैरसमज वायफायच्या दांड्यांचा. चार दांड्या दिसतात म्हणजे नेट चांगलं असं लोक धरून चालतात, पण त्या दांड्या फक्त तुमचा फोन आणि राउटर यांच्यातल्या सिग्नलच्या आहेत. राउटरच्या मागची फायबर उपटून ठेवली तरी दांड्या चारच राहतील. आई म्हणते "वायफाय तर येतंय मग नेट का नाही", तेव्हा चिडू नका, तिचा प्रश्न अगदी बरोबर आहे, लेयर दोन चालू आहे आणि वरचा कुठलातरी बंद.

तपासायचं कसं, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाइप करा. आयपी ॲड्रेस १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होणारा असेल आणि डिफॉल्ट गेटवे (म्हणजे तुमच्या राउटरचा पत्ता) पण दिसत असेल तर ठीक. जर १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने तुम्हाला पत्ता दिलेलाच नाही, डीएचसीपीचं (पत्ता वाटणाऱ्या व्यवस्थेचं) उत्तर आलं नाही म्हणून मशीनने स्वतःच एक तात्पुरता पत्ता लावून घेतलाय. (डीएचसीपी खरं तर ॲप्लिकेशनमध्ये मोडतं पण ते इथेच तपासायचं, कारण त्याच्याशिवाय पुढे जाताच येत नाही.) मग एआरपी, स्पेस, डॅश ए अशी कमांड द्या. गेटवेच्या आयपीसमोर मॅक ॲड्रेस दिसला म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांना ओळखता. दिसत नसेल तर अजून खालीच अडचण आहे, वर जाऊ नका.

मग नेटवर्क लेयर, म्हणजे आयपी. प्रश्न असा की माझं पॅकेट घराबाहेर पडून लांबच्या मशीनपर्यंत जातंय का आणि परत येतंय का. इथे पिंग, जे १९८३ च्या डिसेंबरमध्ये माइक मूस यांनी लिहिलं आणि आजही तितकंच उपयोगी आहे. आधी गेटवेला पिंग करा, वायरवर असाल तर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत, वायफायवर दोन-पाच. तिथेच ५०-१०० दिसत असेल तर तुमची कंपनी नाही, तुमचं वायफायच मंद आहे, राउटर जवळ आणा किंवा ५ गिगाहर्ट्झवर जा. मग ८.८.८.८ ला पिंग करा. मुद्दाम आकडा, नाव नाही, कारण नाव दिलं की डीएनएस मध्ये येतं आणि तो वरचा लेयर आहे.

किती मिलिसेकंद यायला हवेत हे पण समजून घ्या, म्हणजे उगाच भांडण होणार नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. इंदूर ते मुंबई साधारण ६०० किलोमीटर धरा, जायला ३ मिलिसेकंद, यायला ३. केबल सरळ रेषेत जात नाही, मधले राउटर थोडा वेळ घेतात, म्हणून प्रत्यक्षात मुंबईचा सर्व्हर १५-२० दाखवत असेल तर ते छानच आहे. अमेरिका बारा-तेरा हजार किलोमीटर, म्हणजे फक्त प्रकाशाच्या जाण्या-येण्याला १२०-१३० मिलिसेकंद, प्रत्यक्षात २०० च्या वर. गेम खेळणाऱ्या मुलांनो, अमेरिकेच्या सर्व्हरवर ३०चा पिंग कुठलाही प्लॅन घेऊन मिळणार नाही, तो फिजिकल लेयरचा नियम आहे, सर्व्हर जवळचा निवडा.

पिंग जात नसेल तर ट्रेसरूट, विंडोजवर ट्रेसर्ट. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो, दर राउटरवर एकाने कमी होतो, शून्य झाला की तो राउटर पॅकेट फेकून देतो आणि "संपलं" असा निरोप परत पाठवतो. ट्रेसरूट मुद्दाम १ चा टीटीएल लावून पाठवतं, मग २, मग ३, आणि निरोप कुणाकडून आला ते लिहीत जातं. पहिली ओळ तुमचा राउटर, दुसरी-तिसरी तुमच्या कंपनीचे, पुढे मुंबई किंवा दिल्ली. मध्येच फुल्या फुल्या दिसल्या तर दचकू नका, काही राउटर असा निरोप पाठवतच नाहीत, पुढच्या ओळीत उत्तर येत असेल तर रस्ता सुरू आहे. फुल्या सुरू होऊन शेवटपर्यंत फुल्याच असतील आणि पिंगही जात नसेल तर शेवटचा जो पत्ता दिसला त्याच्यापुढे गडबड आहे.

याच लेयरवर दुकानदारांचा नेहमीचा प्रश्न येतो. एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये दुकान, सुदामा नगरला घर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) लावलाय, घरून कॅमेरे बघायचेत, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं पॅकेट डीव्हीआरकडे द्यायची राउटरमधली सेटिंग) सगळं नीट केलं तरी दिसत नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कुठल्या आकड्याने सुरू होत असेल तर तो पत्ता तुमच्या एकट्याचा नाहीच. हे आकडे २०१२ मध्ये खास याच कामाला राखून ठेवले, कारण आयपी व्ही ४ चे पत्ते ३२ बिटचे, सगळे मिळून साधारण ४३० कोटी, आणि ते केव्हाच पुरेनासे झाले. घरचा राउटर तुमच्या सगळ्या फोनचे पत्ते बदलून एक करतो, आणि कंपनी अशा कितीतरी घरांचे मिळून परत एक करते. बाहेरून येणाऱ्या पॅकेटला कुणाच्या घरी जायचं हे कळायला मार्गच नाही, तुम्ही आपल्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा. उपाय दोनच कामाचे, एक तर कंपनीकडून स्टॅटिक पब्लिक आयपी घ्या, किंवा डीव्हीआरचं क्लाउडवालं ॲप वापरा, त्यात डीव्हीआर स्वतः बाहेर कनेक्शन करतो म्हणून ते चालतं. आणि पब्लिक आयपी घेतलात तर डीव्हीआरसोबत आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला, असे उघडे डीव्हीआर शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात.

ट्रान्सपोर्टबद्दल थोडक्यात. मशीनपर्यंत पोहोचलो, आता त्या मशीनवरच्या नेमक्या प्रोग्रामपर्यंत पोहोचतोय का, हा प्रश्न. त्यासाठी पोर्ट नंबर, वेबसाइटला ४४३, जुन्या साध्या वेबला ८०. टीसीपी आधी तीन पॅकेटची ओळख करून घेतं आणि हरवलेलं परत पाठवतं, यूडीपी असलं काही करत नाही म्हणून कॉल आणि गेमला बरं पडतं. तपासायला पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड, पुढे पत्ता आणि पोर्ट. पण याहून महत्त्वाचं म्हणजे ब्राउझरचे दोन निरोप वेगळे ओळखायला शिका. "रिफ्यूज्ड टू कनेक्ट" म्हणजे समोरून साफ नकार आला. नकार आला म्हणजे कुणीतरी उत्तर दिलं, म्हणजे जाण्या-येण्याचा रस्ता चांगला आहे, बहुधा फक्त त्या पोर्टवर प्रोग्राम चालू नाही. "टुक टू लाँग टू रिस्पॉन्ड" म्हणजे उत्तरच नाही, मध्ये फायरवॉल पॅकेट गिळतोय किंवा मशीनच बंद आहे. पहिल्यात सर्व्हर सुरू करायला सांगायचं, दुसऱ्यात फायरवॉल आणि रस्ता बघायचा. ऑफिसात टॅलीचा सर्व्हर किंवा प्रिंटर लागत नाही तेव्हा एवढ्या एका फरकावर अर्धा दिवस वाचतो.

सगळ्यात वर ॲप्लिकेशन. ८.८.८.८ ला पिंग जातोय पण एकही साइट उघडत नाही? डीएनएस. आता परत एनएसलूकअप, एकदा नुसतं साइटचं नाव देऊन, एकदा शेवटी १.१.१.१ (दुसऱ्याच कंपनीचा डीएनएस) लावून. पहिलं अडकतं आणि दुसरं चालतं तर कंपनीचा डीएनएस झोपलाय, राउटरमध्ये दुसरा टाका, मोकळे व्हा. सगळ्याच साइट "सुरक्षित नाही" म्हणून ओरडायला लागल्या तर आधी घड्याळ बघा. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला की तारीख मागे जाते, आणि मशीनला साइटच्या सर्टिफिकेटची (साइटच्या ओळखपत्राची) मुदत अजून सुरूच झालेली नाही असं दिसतं, मग टीएलएस नकार देतं. सेल बदला, सीआर २०३२. आणि ४०४ किंवा ५०० असा एरर दिसला तर निश्चिंत व्हा, खालच्या सगळ्या लेयरनी आपलं काम चोख केलंय, त्या सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर घेऊन आलात, आता जे करायचं ते साइटवाल्याने.

एक भानगड मात्र अशी आहे जी या क्रमात पटकन सापडत नाही, म्हणून वेगळी सांगतो. पिंग जातोय, डीएनएस चालतंय, काही साइट भराभर उघडतात आणि काही नुसत्या गोल फिरत बसतात, लॉगिन होतं पण पुढचं पान येत नाही. हे एमटीयूचं, म्हणजे एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटच्या कमाल आकाराचं, लक्षण. आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँडवाल्यांचं कनेक्शन पीपीपीओईवर (राउटरमध्ये युझरनेम-पासवर्ड टाकून जोडायची पद्धत) असतं, ते प्रत्येक फ्रेममध्ये आपले ८ बाइट घुसवतं, म्हणजे १५०० च्या जागी १४९२ च उरतात. बारीक पॅकेट सहज जातात, मोठं अडकतं. व्हीपीएन लावला की जागा आणखी कमी होते. तपासायला विंडोजवर पिंग, स्पेस, डॅश एफ, स्पेस, डॅश एल, स्पेस, १४७२, स्पेस, ८.८.८.८. डॅश एफ म्हणजे तुकडे करू नको. १४७२ मध्ये आयसीएमपीचे (पिंग ज्या प्रोटोकॉलने जातो त्याचे) ८ आणि आयपीचे २० मिळवले की १५०० भरतात. हे अडलं आणि १४६४ गेलं तर हिशोब बरोबर १४९२ ला बसतो. राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये एमटीयू १४९२ करा, आणि एमएसएस क्लॅम्पिंग (टीसीपीला पॅकेट लहान ठेवायला लावणारा) असा पर्याय असेल तर तो चालू ठेवा. वरच्या लेयरची तक्रार आणि खालच्या लेयरचं कारण, असं हे एकच दुखणं मला वारंवार दिसतं.

कस्टमर केअरला फोन करताना "नेट चालत नाही" म्हणू नका, त्यावर त्यांच्याकडे एकच उत्तर आहे, रिस्टार्ट करा. त्याऐवजी सांगा, एलओएस बंद आहे, पॉन स्थिर आहे, वॅन आयपी आलेला आहे, गेटवेला पिंग जातोय, ८.८.८.८ ला जात नाही, ट्रेसरूट तिसऱ्या ओळीनंतर थांबतोय. हिंदीत सांगा, मराठीत सांगा, पलीकडच्या माणसाला लगेच कळतं की घरातलं तपासून झालंय, आणि तक्रार बहुतेक वेळा वरच्या टीमकडे जाते. पण हे सांगता यायला नेट नीट चालू असतानाचे आकडे माहीत हवेत, म्हणून आज नेट छान चालतंय तर आजच बसा, लिंक स्पीड, गेटवेचा पिंग, ८.८.८.८ चा पिंग, ट्रेसरूटच्या पहिल्या चार-पाच ओळी, वॅन आयपी कुठल्या आकड्याने सुरू होतो आणि डब्यावरचे कुठले लाइट कसे असतात, एवढं कागदावर लिहा, लाइटचा फोटो काढून ठेवा, आणि तो कागद राउटरच्या बाजूला भिंतीवर चिकटवा, म्हणजे तुम्ही घरी नसलात तरी आई-बाबांना फोनवर एकेक ओळ विचारून नेमकं कुठे अडलंय ते सांगता येईल.